ऑपरेशन बिघडले तर भरपाई कोण देणार?



या महिन्यात आरोग्याच्या पानावर आजाराविषयी लिहीत नाही. उपचार करताना चूक झाली तर काय करायचे, त्याविषयी लिहीत आहोत.

धानाची कापणी-मळणी आटोपली की आपल्या सडक अर्जुनी तालुक्यात बाया कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनचा विचार करू लागतात. रोवणीच्या वेळी पंधरा दिवस घरी बसणे परवडत नाही, म्हणून हिवाळा बरा. आशाताई नाव लिहून घेतात, दवाखान्याची गाडी येते, एका छापील कागदावर सही किंवा अंगठा होतो आणि दोन दिवसांत बाई घरी येते. बहुतेकींचे सगळे नीट पार पडते. पण एखादीचा टाका पिकतो. एखादीला ऑपरेशननंतरही दिवस जातात. क्वचित एखादी घरी परत येतच नाही.

अशा वेळी सौंदडपासून शेंड्यापर्यंत कुठल्याही मोहल्ल्यात दोनच वाक्ये ऐकू येतात. "फुकट झालं होतं, आता कोणाला विचारणार?" आणि "नशिबात होतं." पहिले वाक्य कायद्याने चूक आहे. दुसऱ्याने तर विचारण्याचाच रस्ता बंद होतो. म्हणून डॉक्टरांचा विमा, नुकसानभरपाई आणि त्यावरच्या मर्यादा हा विषय समजून घेऊ. वाटतो तितका तो दूरचा नाही.

डॉक्टरांचाही विमा असतो

आपण मोटारसायकलचा विमा काढतो. आपल्या गाडीने दुसऱ्याला लागले तर त्याला भरपाई विमा कंपनी देते. खाजगी डॉक्टर आणि हॉस्पिटलही असाच विमा काढतात. त्याला प्रोफेशनल इन्डेम्निटी पॉलिसी म्हणतात. हप्ता डॉक्टर भरतो. उपचारातील चुकीबद्दल न्यायालयाने भरपाई द्यायला लावली तर पॉलिसीत ठरलेल्या रकमेपर्यंत ती कंपनी देते, वकिलाचा खर्चही उचलते. ऑपरेशन करणाऱ्याचा हप्ता नुसती गोळ्या-औषधे देणाऱ्यापेक्षा जास्त असतो. डॉक्टरने नशेत उपचार केले किंवा गुन्हा केला तर कंपनी पैसे देत नाही.

या पॉलिसीत एक अट असते, ती आपल्याला माहीत हवी. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय डॉक्टरने चूक कबूल करायची नाही. ऑपरेशन बिघडल्यावर गोड बोलणारे डॉक्टर एकाएकी गप्प का होतात, नातेवाइकांना भेटायचे का टाळतात, त्याचे एक कारण इथे आहे. आम्ही परिचारिका म्हणून वॉर्डात काम केले आहे. बाहेर नातेवाईक विचारतात, "सिस्टर, काय झालं ते तरी सांगा," आणि आत कोणीच तोंड उघडत नाही, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून डॉक्टरच्या तोंडच्या कबुलीची वाट पाहू नका. केस कागदांवर उभी राहते.

परिचारिकेचे काय? चूक झाली की बोट आधी तिच्याकडे जाते. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या खटल्यात हा प्रश्न मिटवला. एका लहान मुलाला परिचारिकेने चुकीचे इंजेक्शन शिरेतून दिले आणि मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली. परिचारिका नेमणाऱ्या हॉस्पिटलला हात झटकता येणार नाहीत, असे न्यायालय म्हणाले. मुलाला साडेबारा लाख आणि आई-वडिलांना वेगळे पाच लाख मंजूर झाले. म्हणजे "सिस्टरनं केलं" हे हॉस्पिटलचे उत्तर चालत नाही.

दोन रांगा

हा विमा वाढला तो १९९५ नंतर. ग्राहक संरक्षण कायदा डॉक्टरांना लागू नाही, असे म्हणत इंडियन मेडिकल असोसिएशन सर्वोच्च न्यायालयात गेली होती. १३ नोव्हेंबर १९९५ ला व्ही. पी. शांता खटल्यात निकाल लागला. पैसे घेऊन केलेला उपचार ही सेवा आहे, पेशंट ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचात दाद मागू शकतो.

त्याच निकालात आपल्यासाठी महत्त्वाची दुसरी ओळ आहे. ज्या दवाखान्यात सगळ्यांवर फुकट उपचार होतात, तिथला पेशंट या कायद्याखाली ग्राहक नाही. केसपेपरचे नाममात्र पैसे भरले तरी नाही. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केले. ते चांगलेच झाले. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात उपचार घेणाऱ्यासाठी ग्राहक आयोगाचे दार त्यामुळे जवळपास बंदच राहते.

अशा दोन रांगा झाल्या. खाजगीत पैसे मोजणाऱ्यासाठी ग्राहक आयोग आहे आणि डॉक्टरमागे विमा कंपनी आहे. सरकारीत जाणाऱ्यासाठी ते सोपे दार नाही. आपली वस्ती बहुतेक दुसऱ्या रांगेत उभी आहे.

पण दुसऱ्या रांगेलाही हक्क आहेत, आणि ते महाराष्ट्रातल्याच एका बाईच्या मरणानंतर मिळाले. १९६३ च्या जुलैमध्ये औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात ती बाळंत झाली. तीन दिवसांनी तिचे नसबंदीचे ऑपरेशन झाले. पोट दुखू लागले, ताप उतरेना. पोट पुन्हा उघडले तेव्हा आत कापड राहिलेले सापडले. २४ जुलैला ती गेली. नवऱ्याने दावा केला. खालच्या कोर्टाने ३६,००० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले. डॉक्टरच्या चुकीसाठी शासन जबाबदार नाही, असे तिथे ठरले. शेवटी २० फेब्रुवारी १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने 'अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात निर्णय दिला. दवाखाना चालवणे हे लोककल्याणाचे काम आहे, तिथल्या निष्काळजीपणाची भरपाई शासनाने द्यायची. पोटात कापड राहिले, यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा? ३६,००० रुपये पुन्हा मंजूर झाले, पण मरणानंतर जवळपास ३३ वर्षांनी.

म्हणून "फुकट झालं, कोणाला विचारणार" याचे उत्तर आहे: शासनाला विचारायचे. विचारणाऱ्याचा जन्म त्यात जाऊ नये, हा खरा प्रश्न आहे.

नसबंदीचा विमा: कंपनीकडून सरकारकडे

सरकारी उपचारात न्यायालयात न जाता भरपाई मिळण्याची एक सोय आहे, ती फक्त नसबंदीसाठी. वस्तीतील फार थोड्या घरांना ती ठाऊक आहे.

२००५ साली सर्वोच्च न्यायालयाने रमाकांत राय यांच्या याचिकेवर नसबंदीतील मृत्यू आणि त्रासासाठी भरपाई ठरवून द्यायला सांगितले. त्याच वर्षी दुसऱ्या एका निकालात न्यायालय म्हणाले की ऑपरेशन फसले म्हणजे डॉक्टरची चूकच झाली असे नाही, पण गरीब घरावर पडणाऱ्या ओझ्यासाठी सरकारने विमा किंवा निधी काढावा. नोव्हेंबर २००५ मध्ये केंद्र सरकारने विमा योजना सुरू केली. आधी सरकारी, मग खाजगी विमा कंपनीकडे ती होती. एप्रिल २०१३ पासून कंपनी मधून काढली आणि भरपाई शासनच देऊ लागले. नाव झाले 'कुटुंब नियोजन इन्डेम्निटी योजना'. या योजनेत डॉक्टरलाही संरक्षण आहे. त्याच्यावर दावा झाला तर ठराविक मर्यादेपर्यंत, वर्षाला चार प्रकरणांपर्यंत, खर्च सरकार उचलते.

मग आपल्या शेजारच्या छत्तीसगडमध्ये नोव्हेंबर २०१४ मध्ये बिलासपूर जिल्ह्यात शिबिरे झाली. एका शिबिरात एकाच सर्जनने काही तासांत ८३ बायांची दुर्बिणीची ऑपरेशने उरकली. नियम दिवसाला ३० चा होता. त्या शिबिरांनंतर १३ बाया दगावल्या. त्याआधी २०१२ मध्ये बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत दोन तासांत ५३ बायांची ऑपरेशने झाली होती. त्याविरुद्ध देविका बिस्वास सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. १४ सप्टेंबर २०१६ च्या निकालात न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करायला सांगितले आणि भरपाई वाढवायला लावली. रकमा दुप्पट झाल्या, त्या अशा:

• ऑपरेशनमुळे दवाखान्यात किंवा सुटी झाल्यापासून ७ दिवसांत मृत्यू: ४ लाख रुपये.
• सुटीनंतर ८ ते ३० दिवसांत मृत्यू: १ लाख रुपये.
• ऑपरेशन फसून दिवस गेले: ६०,००० रुपये.
• सुटीनंतर ६० दिवसांत ऑपरेशनमुळे त्रास झाला: उपचाराचा प्रत्यक्ष खर्च, ५०,००० रुपयांपर्यंत.

इथे कोणाची चूक होती हे सिद्ध करावे लागत नाही. ऑपरेशन झाले आणि त्यामुळे हे घडले, एवढे दाखवायचे. बुडालेल्या मजुरीपोटी मिळणारे काहीशे रुपये वेगळे आणि ही भरपाई वेगळी. "पैसे तर मिळाले होते ना" असे कोणी म्हटले तर गप्प बसू नका.

अंगठ्यावरची ओळ

आता त्या छापील कागदाकडे येऊ. संमतीपत्रात एक कलम असते. त्याचा अर्थ असा: ऑपरेशन कधी कधी फसू शकते हे मला सांगितले आहे. पाळी चुकली तर दोन आठवड्यांच्या आत मी दवाखान्यात येईन आणि तिथे गर्भपात मोफत करून मिळेल. ते जमले नाही, तर योजनेतील रकमेपेक्षा जास्त भरपाई किंवा मुलाच्या पालनपोषणाचा खर्च मी कोणत्याही न्यायालयात मागणार नाही.

किती बायांना हे कलम वाचून दाखवले जाते? पाळी चुकणे म्हणजे कुणी 'अशक्तपणा' समजते, कुणी 'अंगात उष्णता'. दोन आठवडे कधी निघून जातात कळत नाही. तोवर हक्क ६०,००० रुपयांवर येऊन थांबलेला असतो.

अमेरिकेत या मर्यादेवरून पन्नास वर्षे भांडण चालू आहे. १९७० च्या दशकात तिथे डॉक्टरांच्या विम्याचे हप्ते फार वाढले. डॉक्टर म्हणाले, आम्हाला काम करणे परवडत नाही. कॅलिफोर्निया राज्याने १९७५ साली कायदा केला की पेशंटच्या वेदना आणि दुःखाची भरपाई अडीच लाख डॉलरच्या वर द्यायची नाही. बुडालेली कमाई आणि उपचाराचा खर्च मात्र पूर्ण मिळणार. कागदावर नियम सगळ्यांना सारखा. पण ज्याची कमाई मोठी, त्याला मोठी भरपाई मिळाली. घरकाम करणारी बाई, म्हातारा, लहान मूल यांची बुडालेली कमाई दाखवता येत नाही. त्यांच्या वाट्याला मर्यादेतलेच पैसे आले. महागाई वाढत गेली तरी तो आकडा २०२२ पर्यंत तसाच होता, २०२३ पासून तो वाढू लागला.

आपल्याकडे अशी सरसकट मर्यादा नाही, पण कमाईचे माप तेच आहे. कोलकात्यातील चुकीच्या उपचाराने १९९८ मध्ये दगावलेल्या एका तरुण बाईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सुमारे सहा कोटी रुपये आणि त्यावर व्याज मंजूर केले. ती अमेरिकेत राहत होती, तिची कमाई त्या मापाने मोजली. तिच्या घरच्यांना न्याय मिळाला याचा आनंदच आहे. पण हरियाणातील मजुरी करणाऱ्या एका बाईची सरकारी दवाखान्यात एकच नळी बंद केली, दुसरी तशीच ठेवली आणि तिला आठवे मूल झाले. २००० साली सर्वोच्च न्यायालयात तिचे ५४,००० रुपये आणि व्याज कायम झाले. रोवणीच्या चिखलात वाकणाऱ्या, तेंदूपान तोडणाऱ्या बाईच्या कमाईची पावती नसते. पावती नाही म्हणून तिच्या शरीराची किंमत कमी धरली जाते.

डॉक्टरांच्या संघटनाही सवलती मागत असतात. २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्यातून 'आरोग्यसेवा' हा शब्द गाळला गेला. आता कायदा आम्हाला लागू नाही, असे काही डॉक्टर म्हणाले. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली ते मान्य केले नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मात्र निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास इतरांना पाच वर्षांपर्यंत आणि नोंदणीकृत डॉक्टरला उपचारादरम्यान दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आम्ही डॉक्टरांच्या विरोधात नाही. सगळे करूनही काही पेशंट वाचत नाहीत, हे वॉर्डात काम केलेल्याला सांगावे लागत नाही. प्रत्येक मरण ही चूक नसते. डॉक्टरवर हात उचलणे तर गुन्हाच आहे, आणि त्याने आपली केसही जाते. भीतीपोटी डॉक्टर जास्त तपासण्या लिहितात, विम्याचा हप्ता बिलात धरतात, तो भारही आपल्यावरच येतो. म्हणूनच चूक शोधत वर्षे घालवण्यापेक्षा इजा झालेल्याला लवकर भरपाई देणारी व्यवस्था दोघांच्याही हिताची आहे. न्यूझीलंड देशात १९७४ पासून अशी सोय आहे. तिथे उपचारात इजा झाली तर सरकारी निधीतून मदत मिळते, त्यासाठी डॉक्टरला कोर्टात खेचावे लागत नाही.

घरातल्यांनी काय करायचे

ऑपरेशनच्या आधी: संमतीपत्र मराठीत मागा आणि कुणाकडून तरी पूर्ण वाचून घ्या. नवऱ्याची सही लागत नाही, निर्णय बाईचा आहे. वय २२ ते ४९ च्या मध्ये आणि किमान एक मूल एक वर्षावरचे असावे, हा नियम आहे. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आणि कमी धोक्याची आहे, याचाही घरात विचार करा. १९३८ साली मुंबई विधानसभेत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला होता. बाईच्या शरीरावरचा भार ही चर्चा आपल्या चळवळीला नवी नाही.

ऑपरेशननंतर: सुटीचा कागद, नसबंदीचे प्रमाणपत्र, केसपेपर आणि संमतीपत्राची प्रत घ्या. ताप, पोट फुगणे, उलट्या, टाक्यातून पू किंवा लघवी बंद होणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि नोंद करायला लावा. पाळी एक आठवडाही पुढे गेली तर लघवीची तपासणी करून कागद घ्या.

भरपाईसाठी: घटना घडल्यापासून ९० दिवसांत अर्ज करा. अर्ज ऑपरेशन झालेल्या दवाखान्यातून जिल्हा स्तरावरच्या गुणवत्ता समितीकडे जातो. पोचपावती घेतल्याशिवाय कागद देऊ नका. मूळ कागद स्वतःजवळ ठेवा.

खाजगी दवाखान्यात चूक झाली तर: उपचाराचे कागद लेखी मागा. मागितल्यापासून ७२ तासांत ते देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. हॉस्पिटल नागपूरचे असले तरी आपण राहतो त्या गोंदिया जिल्ह्यात तक्रार करता येते. दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. विमा योजनेतून खाजगीत उपचार झाले असतील तर "तुमचे फुकट झाले" हे ऐकून घेऊ नका. पेशंटऐवजी विमा कंपनीने बिल भरले तरी ती सेवा ठरते, असे १९९५ च्याच निकालात आहे.

सरकारी दवाखान्यात नसबंदीशिवाय दुसरी चूक झाली तर: दिवाणी दावा, उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आणि एका वर्षाच्या आत राज्य मानवी हक्क आयोग, असे मार्ग आहेत. कुठल्याही स्त्रीला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

मागायचे काय

नसबंदीत बाई मेली तर चार लाख मिळतात. त्याच दवाखान्यात, त्याच टेबलावर बाळंतपणात किंवा सिझेरियनमध्ये ती मेली तर अशी कुठलीच ठरलेली भरपाई नाही. लोकसंख्या कमी करण्याच्या कामाला विमा आहे, जन्म देण्याच्या कामाला नाही. हा फरक आम्हाला मान्य नाही. सरकारी दवाखान्यातील प्रत्येक उपचाराला चूक सिद्ध न करता मिळणाऱ्या भरपाईचे संरक्षण हवे, आणि रकमा महागाईप्रमाणे दर वर्षी वाढायला हव्यात.

ग्रामसभेत हा ठराव मांडता येतो. रुग्ण कल्याण समितीत आपला प्रतिनिधी असेल तर त्याला प्रश्न विचारायला सांगा. आणि पुढच्या पौर्णिमेला विहारात महिला मंडळ जमेल तेव्हा या वर्षी कोणाकोणाचे ऑपरेशन झाले, कोणाला त्रास झाला, कोणाकडे कागद आहेत, एवढी यादी करा. ज्या बाईचे ९० दिवस अजून संपलेले नाहीत, तिचा अर्ज त्याच संध्याकाळी लिहून टाका.